मुंगीच्या वडिलांचा चेहरा

१

मुंगीने स्वतःच्या हातांनी गाठ सोडली. फडक्याचे पदर एकेक करून उलगडले. शेवटचा पदर बाजूला झाला तेव्हा आत तिच्या वडिलांचं डोकं नव्हतं. चिखल होता. मधून, मातीला आतून आधार देणाऱ्या सांगाड्याची लाकडी फुली वर आलेली आणि तिच्या पायाशी दह्यासारखी बसलेली माती. एक कान तेवढा ओळखू येत होता.

ती रडली नाही. तिने तो कान बोटांनी उचलला, तळहातावर घेतला, आणि कुठे ठेवावा ते न कळून तशीच उभी राहिली.

खोलीत आम्ही मोजकी माणसं होतो: प्राचार्य, शिल्पकलेचे सर, मुंगीच्या वर्गातली दोघं आणि मी. या कला महाविद्यालयात मी उभं आयुष्य ग्रंथपाल म्हणून काढलं. आता निवृत्त आहे, तरी सत्र संपताना फाटकी पुस्तकं चिकटवायला येतो. घरी बसून सुनेच्या पायात येण्यापेक्षा ते बरं. सील उघडताना कोणीतरी तिऱ्हाईत साक्षीला हवा होता, म्हणून मला बोलावलं होतं. तिऱ्हाईतपणाची पात्रता माझ्यात आहे, असं मलाही वाटतं.

इथला नियम असा. सत्राच्या शेवटी शिल्पकलेच्या प्रत्येक विद्यार्थ्याने तीन कामं द्यायची: एक उठावशिल्प, रेखाचित्रांचा संच, आणि समोर माणूस बसवून केलेलं पोर्ट्रेट. कामं मांडली की खोलीला कुलूप लागतं, कुलपावर सरांच्या सहीची चिठ्ठी चिकटते. बाहेरचे परीक्षक येईपर्यंत आत कोणी पाऊल टाकायचं नाही. टाकलं तर त्याचं सत्र बाद. पूर्वी मुलं मागाहून हळूच हात फिरवून यायची, त्यावरचा हा इलाज.

मुंगीची दोन कामं झाली होती. पोर्ट्रेटसाठी तिने वडिलांनाच बसवलं होतं. ते शिंपी. दुपारी दुकान ओढून घ्यायचे आणि इथे येऊन स्टुलावर ताठ बसायचे, जणू कोणी त्यांचंच माप घेतंय. काम संपत आलं असताना त्यांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण वाचा गेली आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं. मुंगीने आईच्या जुन्या चादरीचं फडकं भिजवून मातीच्या डोक्याभोवती गुंडाळलं आणि ती दवाखान्यात धावली. प्राचार्यांनी सवलत दिली की परीक्षक येण्याच्या आदल्या दिवशी सगळ्यांसमोर सील उघडू, उरलेलं तू पूर्ण कर. तो दिवस आजचा होता.

"गाठ माझीच आहे," मुंगी म्हणाली. "कोणी सोडलेली नाही."

हे तिने बोलायला नको होतं. प्राचार्यांनी लगेच ते उचललं. कोणी उघडलं नाही, म्हणजे कोणी हात लावला नाही. म्हणजे सांगाडा कच्चा होता आणि माती आपल्या आपण खाली आली. हा विद्यार्थ्याचा हलगर्जीपणा ठरतो, पोर्ट्रेट नाही म्हणून सत्र जातं. दुसऱ्या कोणाचा हात असल्याचं सिद्ध झालं तर गोष्ट वेगळी. मग नियमाने मुदत मिळते, नवं पोर्ट्रेट करता येतं.

सत्र जाणं म्हणजे काय ते त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. मुंगीच्या आईने तिला सांगून ठेवलं होतं, या वेळेला संपव, पुढे ओढायला माझ्यात दम नाही. आणि हे वडील अंथरुणाला खिळण्याच्या आधीचं बोलणं होतं.

"ग्रंथपाल," प्राचार्य माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमच्या कपाटांत अर्ध्या रहस्यकथाच होत्या. संध्याकाळपर्यंत बघा, कोणी सापडतोय का."

ते थट्टेने म्हणाले असावेत. मीही हसलो. मग माझं लक्ष मुंगीकडे गेलं. डॉक्टर खोलीतून बाहेर आले की घरची माणसं जसं बघतात, तसं ती माझ्याकडे बघत होती.

२

मला यातलं काही कळत नाही हे मी प्राचार्यांना सांगायला हवं होतं. पण मला नाही म्हणता येत नाही. आणि रहस्यकथा मी वाचल्या असल्या तरी शेवटच्या पानाआधी मला एकही उलगडलेली नाही.

खोलीत थांबायची परवानगी तेवढी मागून घेतली. सर माझ्यासोबत राहिले. भिंतीलगत सगळ्या मुलांची कामं रांगेने उभी होती, आणि मधोमध मुंगीचं ते लाकडी स्टँड. सकाळी आम्ही आत शिरलो तेव्हा सरांनी ते उजेडासाठी ओढून मध्ये आणलं होतं. सील लावायच्या आधी मुलांना बाहेर काढून त्यांनी सगळी मांडामांड स्वतः केली होती. मुंगीचं स्टँड खिडकीखाली लावलं होतं, दुसरीकडे जागाच उरली नव्हती.

ती बारकुडी मुलगी मातीचं सबंध पोतं एकटी उचलते म्हणून तिला मुंगी म्हणतात, हेही मला सरांनीच सांगितलं. मग ते गप्प झाले. एरवी सर गप्प बसणारे नव्हेत. मी सांगाड्याबद्दल विचारलं.

"सांगाडा पक्का आहे," ते म्हणाले. "मी तपासला होता."

"मग माती खाली कशी आली?"

"पाणी जास्त झालं की येते."

एवढं बोलून ते हात धुवायला गेले. त्यांचे हात स्वच्छ होते.

मी चष्मा पुसून स्टँडची फळी पाहिली. चिखलाखालून पाण्याचे ओघळ फळीवर उतरले होते आणि वाळले होते. त्यांच्या कडा दिसत होत्या. मातकट बारीक रेषा, एकीच्या बाहेर दुसरी, दुसरीच्या बाहेर तिसरी, काही एकमेकींना कापून गेलेल्या.

अशा रेषा माझ्या ओळखीच्या होत्या. पुस्तक भिजलं की पानावर पाण्याची कड उमटते. तेच पुस्तक वाळून पुन्हा भिजलं, की पहिली कड तशीच राहते आणि दुसरी वेगळी उमटते. ग्रंथालयाच्या गळक्या कोपऱ्यातल्या पुस्तकांवरून मी सांगू शकत असे, छप्पर किती वेळा दुरुस्त झालं आणि किती वेळा नाही.

म्हणजे पाणी पडलं होतं, आणि एकदाच नव्हे. पडलं, वाळलं, पुन्हा पडलं. छत कोरडं होतं. बंद खोलीत कोणीतरी पुन्हा पुन्हा येऊन गेलं होतं.

३

संशय घ्यायचा तर एकच नाव समोर होतं, आणि ते सगळ्यांच्याच मनात होतं. वर्गातला एक मुलगा इस्त्रीचा शर्ट घालून माती मळतो आणि संध्याकाळी तो तसाच्या तसा घेऊन घरी जातो, म्हणून त्याला तालेवार म्हणतात. पुढच्या शिक्षणासाठी महाविद्यालय एकाच विद्यार्थ्याची शिफारस करतं, आणि ती एकतर मुंगीला मिळणार होती किंवा त्याला.

तो कँटीनच्या मागच्या कट्ट्यावर बसला होता. समोरचा चहा निवून त्यावर साय आली होती. मी शेजारी बसलो. काय विचारावं ते सुचेना, म्हणून घरचे कसे आहेत ते विचारलं. तो हसला. म्हणाला, काका, सरळ विचारा ना, मीच केलं का.

मी विचारलं नाही. तो आपण होऊनच बोलत राहिला. सील लागल्यापासून आपण त्या बाजूला फिरकलोही नाही. मुंगी आपल्यापेक्षा चांगली आहे हे आपल्याला पहिल्या वर्षापासून माहीत आहे. आणि सरांनीही जरा डोकं वापरायला हवं होतं, दुपारभर ऊन येतं त्या खिडकीखाली कोणी माती ठेवतं का.

मी चहाकडे बघत राहिलो. सकाळी तालेवार सगळ्यांच्या मागून आला होता. तोवर स्टँड खिडकीपासून हलून खोलीच्या मध्यावर आलं होतं. ते खिडकीखाली होतं हे फक्त सरांना आणि त्याच्या आधी आत आलेल्या आम्हाला ठाऊक होतं. आणि बंद खोलीत जो शिरला असेल त्याला.

हे मी त्याला सांगितलं. दुसऱ्यावर आरोप करायची मला सवय नाही.

तालेवारचा चेहरा उतरला. त्याने कप बाजूला सारला. मग म्हणाला, मागच्या अंगणातल्या दाराची कडी कोरणीच्या पात्याने वर सरकते, हे प्राचार्य सोडून सगळ्यांना माहीत आहे. तो गेला होता. एकदाच. मगभर पाणी ओतून आला होता.

"कशासाठी?" मी विचारलं.

"कशासाठी म्हणजे? फडकं वाळून कडक झालं होतं काका. आत माती तडकली असती. ती बिचारी दवाखान्यात, इथे पाणी कोण मारणार होतं?"

"मग उघडून बघायचं होतंस, आत किती ओल आहे ते."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याला कोणाच्या न्हाणीघरात डोकवायला सांगितलं होतं.

"अर्धं काम आहे तिचं. मालक नसताना कोणी उघडतं का?"

माझा विश्वास बसला नाही. हे मी लिहून ठेवतो, कारण त्या घटकेला मला बरं वाटलं होतं. गुन्हेगार सापडला होता आणि मुंगीला मुदत मिळणार होती. त्याने खाली मान घालून विनवलं, काका, माझंही काम आतच आहे, बोललात तर माझं सत्र जाईल. तरी मी उठलो आणि प्राचार्यांच्या खोलीकडे निघालो.

जिन्यात मला एका मुलीने अडवलं. वर्गातल्या सगळ्यांना जेवलास का, औषध घेतलंस का विचारत फिरते, म्हणून तिला मावशी म्हणतात. घरी जागा अपुरी, म्हणून मुंगी तिच्याच खोलीवर राहते. कट्ट्यामागे उभी राहून तिने आमचं बोलणं ऐकलं होतं.

"त्याने नाही केलं काका," ती म्हणाली. "मी केलंय."

४

आम्ही जिन्याच्या पायरीवरच बसलो. मावशी ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळत सांगत होती. मुंगी रोज दवाखान्यातून उशिरा यायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. तिचं दुःख कमी करायला करण्यासारखं काही नव्हतं. जेवणही तिला जात नव्हतं. तेव्हा मावशीला वाटलं, निदान तिची माती तरी ओली राहू दे. ती मागच्या दाराने गेली. फडकं वरून वाळलं होतं. तिने पाणी घातलं. मग एकदा उन्हाचा फार कडाका पडला, तेव्हा पुन्हा गेली. पुन्हा वाळलेलंच दिसलं. पुन्हा घातलं.

"तू तरी उघडून बघितलंस का?"

"नाही. तिच्या वडिलांचा चेहरा होता हो तो. ती नसताना मी कशी बघणार?"

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडायला लागला. चादर मोठी होती. तिचे कितीतरी पदर डोक्याभोवती होते. खिडकीतलं ऊन फक्त वरच्या पदरावर पडायचं आणि तेवढाच वाळून कडक व्हायचा. आतले पदर ओलेच्या ओले. जो येईल तो वरून चाचपणार, कोरडं आहे म्हणून हळहळणार, पाणी ओतणार आणि जाणार. दुसऱ्या दिवशी वरचा पदर पुन्हा कोरडा, पुढच्या माणसाची वाट बघत. गाठ सोडून आत बोट लावलं असतं तर एका क्षणात कळलं असतं. पण दुसऱ्याचं अर्धं काम उघडायचं नाही ही इथली रीत. तिच्यापायी आत डोकं विरघळत होतं आणि बाहेर प्रत्येकाला वाटत होतं, आपण ते वाचवतोय.

पण तेवढ्याने भागत नव्हतं. एक मग आणि दोन वेळचं थोडं थोडं पाणी. फळीवरच्या रेषा त्याहून जास्त होत्या.

मी खाली आलो. खोलीच्या दारावर सकाळी काढलेलं कुलूप लटकत होतं, त्यावर सरांच्या सहीची फाटलेली चिठ्ठी. कागद साधा, हलक्या प्रतीचा. असला कागद उन्हात ठेवला तर दोन दिवसांत पिवळा पडतो. ते दार पश्चिमेकडे आहे. सील लागून बरेच दिवस झाले होते आणि चिठ्ठी पांढरी स्वच्छ होती.

सर आतच होते. स्टुलावर बसले होते, ज्या स्टुलावर मुंगीचे वडील बसायचे. मी चिठ्ठी त्यांच्यापुढे धरली. काही बोलावं लागलं नाही.

"किल्ली माझ्याकडे. सहीही माझीच," ते म्हणाले. "एक फाडली, दुसरी चिकटवली. एकदा नाही, तीनचारदा. पोरीचा बाप तिकडे पडलाय. म्हटलं, मातीला तरी कोणी विचारावं."

"सकाळी ते उघडलं तेव्हाच तुम्हाला कळलं?"

"तेव्हाच. आयुष्यभर पोरांना सांगत आलो, माती मागेल तेवढंच पाणी द्या." ते थांबले. "मला वाटलं, मी एकट्यानेच केलं."

५

रहस्यकथेत शेवटी सगळ्यांना एका खोलीत बसवतात. मीही बसवलं. मला दुसरं काही येत नव्हतं. तालेवार दाराशी उभा राहिला, मावशी माठाच्या कट्ट्यावर, सर स्टुलावर. प्रत्येकाला वाटत होतं आपण एकटेच अपराधी आहोत. मी त्यांना सांगितलं की तुम्ही तिघं आहात. त्याने कोणाला हलकं वाटल्याचं दिसलं नाही.

मी म्हणालो, कोणी काहीच केलं नसतं तर ते टिकलं असतं. आतली ओल तिला आजपर्यंत पुरली असती. हे बोलायला नको होतं. मावशीने तोंड झाकून घेतलं.

मग मुद्द्यावर आलो. तिघांनी मिळून प्राचार्यांकडे जाऊन खरं सांगितलं तर मुंगीला मुदत मिळेल. तिचं सत्र वाचवायला एवढा एकच रस्ता आहे.

बाहेर अंगणात कोणीतरी प्लास्टरचं घमेलं खरवडत होतं, तो आवाज येत राहिला. तालेवार आपल्या उठावशिल्पाकडे बघत होता. सत्रभराचं काम होतं ते. मावशीचं काम त्याच्या शेजारी. सरांची निवृत्ती दोन पावलांवर आलेली.

"माझ्याने नाही व्हायचं काका," तालेवार शेवटी म्हणाला. "भित्रा म्हणा पाहिजे तर."

मी कोणाला भित्रा म्हणणार होतो.

सर म्हणाले, "तुम्ही सांगा. तुम्हाला नेमलंय. आम्हाला विचारलं तर आम्ही नाही म्हणणार नाही."

मावशीने मान हलवली. तालेवारनेही, जरा उशिराने. स्वतःहून पुढे व्हायचं धैर्य कोणात नव्हतं, पण खोटं बोलायचंही नव्हतं. एवढं तरी मिळालं म्हणून मी निघालो. प्राचार्यांच्या दारापर्यंत पोचेस्तोवर मला खरंच वाटत होतं की मुंगी वाचली.

६

प्राचार्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. मधे फक्त एकदा, मागच्या दाराची कडी कशी उघडते ते पुन्हा विचारलं. मी संपवलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून कपाळ दाबलं.

"ग्रंथपाल, मी तुमच्याकडे एक नाव मागितलं होतं."

मी म्हणालो, एक नाहीच. तीन आहेत.

मग त्यांनी मला समजावलं, लहान मुलाला समजवावं तसं, पण रागाने नाही. एखाद्या विद्यार्थ्याने खोडसाळपणा केला असता तर त्याला बाद करून मुंगीला मुदत देता आली असती. पण सील लावणाऱ्यानेच सील फोडलं असं कागदावर आलं, की सीलच खोटं ठरतं. मग त्या खोलीतल्या एकाही कामाची परीक्षा होऊ शकत नाही. सबंध वर्गाचं सत्र जाईल. दोन मुलांची नावं घेऊन सरांचं वगळायचं, तर ती दोघं मुकाट्याने ऐकून घेतील का, आणि का घ्यावं?

"वाईट हेतूवर मला कलम लावता येतं," ते म्हणाले. "चांगल्या हेतूवर काय लावू?"

वर्गातली बाकीची मुलं डोळ्यांपुढे आली. ज्यांचा यात काडीचाही संबंध नव्हता ती. प्राचार्य वाईट माणूस नव्हेत. त्यांनी मलाच विचारलं, तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? मला सांगता आलं नाही. आजही येत नाही.

त्यांनी अहवालात लिहिलं की सांगाडा कच्चा होता. मी साक्षीदार म्हणून खाली सही केली. माझी सही मला ओळखू आली नाही, इतकी ती वेडीवाकडी आली.

७

मुंगी अंगणात नळाजवळ बसली होती. मला बघून उठली. तिला काही विचारावं लागलं नाही, माझ्या चालण्यावरूनच कळलं असावं.

तिला काय सांगायचं ते मी जिना उतरताना ठरवलं होतं. सांगाडा कच्चा निघाला एवढंच. पण तो सांगाडा तिने हाताने बांधला होता, तो पक्का होता हे तिला माहीत होतं. तिच्याकडून तेवढंही काढून घेणं मला जमलं नाही. मी सगळं सांगितलं. नावांसकट. बरोबर केलं की चूक, देव जाणे.

तिने सगळं ऐकलं. मधेच एकदा मावशीने किती वेळा पाणी घातलं ते विचारलं. मग नळाखालचे पाय वर ओढून घेतले.

"मग मी रागवायचं कोणावर?" ती म्हणाली.

मी ठिबकणारा नळ घट्ट केला.

ती म्हणाली, बाबांना बोलता येत नाही पण ते रोज विचारतात. डावा हात चालतो, त्याने आपल्याच चेहऱ्याभोवती गोल फिरवतात आणि भुवया उडवतात. झालं का, असं. आज झालं असेल म्हणून वाट बघत असतील.

"काय सांगशील?"

"झालं म्हणून सांगेन. नाक जरा मोठं झालंय म्हणेन, म्हणजे खरं वाटेल."

दवाखान्यात भेटायची वेळ होत आली होती. मी तिच्यासोबत फाटकापर्यंत गेलो. माझ्याकडून होण्यासारखं तेवढंच उरलं होतं. फाटकाबाहेर मावशी उभी होती, हातात डबा. बराच वेळ उभी असावी. तिने मुंगीकडे बघायचा प्रयत्न केला आणि तिला ते जमेना.

"मी येऊ का सोबत?" तिने विचारलं.

मुंगी थांबली. आता ती काय बोलेल या भीतीने मी फाटकाची कडी घट्ट धरून ठेवली होती. दवाखाना लांब होता, तिथे आई सकाळपासून एकटी होती, आणि वडिलांना कुशीवर वळवायला दोन माणसं लागायची.

"ये," मुंगी म्हणाली आणि खांद्यावरची जड पिशवी काढून तिच्या हातात दिली.

दोघी निघाल्या. मुंगी पुढे, मावशी दोन पावलं मागे. वळणापर्यंत त्या एकमेकींशी एक शब्दही बोललेल्या मला दिसल्या नाहीत.